हार्डवेअरवाले काका

प्रवासाहून आलेला माणूस साधारणपणे काय पाहिलं ते सांगतो. हार्डवेअरवाले काका काय बिघडलं ते सांगतात. त्यांनी हंपी पाहिली आहे, पण हंपीबद्दल त्यांच्याकडे एकच माहिती आहे : तिथे गाडीचा फॅन बेल्ट तुटला आणि दुसरा होस्पेटला मिळाला. विजयनगरचं साम्राज्य कसं बुडालं हे विचारलंत तर ते म्हणतील, "मेंटेनन्स नसणार."

सोसायटीतली पोरं त्यांना काका म्हणतात म्हणून इथे मीही म्हणतो. एरवी आम्ही शाळेपासूनचे, आणि समोरासमोर अरेतुरेच चालतं. असा एक गृहस्थ पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत सापडतो. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्यातरी कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म गेलेला, आणि निवृत्तीनंतर हाताखाली यंत्रं उरली नाहीत म्हणून घरातल्या वस्तूंवर आलेला. काकांच्या अखत्यारीत सध्या एक संगणक, एक १९९९ ची मारुती ८०० आणि वहिनी आहेत. पैकी वहिनींनी अजून दाद दिलेली नाही.

भेट ठरते ती चहाला. "काय विशेष?" हा प्रश्न चहा येण्याआधी विचारायचा नसतो, कारण मग चहा गार होतो. त्यांच्या बोलण्यात प्रवास, संगणक आणि गाडी हे तीन विषय वेगळे नसतातच. दापोलीच्या रस्त्यावरून निघालेली गोष्ट मधेच हार्ड डिस्कमध्ये शिरते आणि टापकीर गल्लीत संपते. ऐकणाऱ्याने फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की ‘ती बंद पडली’ यातली ‘ती’ कोण हे शेवटी कळेल.

त्यांचा पहिला संगणक टापकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरीच जोडलेला, ४८६ चा. त्यावर विंडोज ९५ चढवायला तेरा फ्लॉप्या लागायच्या. काकांची अकरावी खराब निघाली. पाचवी खराब निघाली असती तर माणूस नाद सोडून झोपला असता, पण अकरावीला हार मानणं त्यांच्या रक्तात नाही. रात्री साडेअकराला ते स्कूटरवरून एरंडवण्यात एकाकडे गेले, त्याची अकरावी घेऊन आले, आणि पहाटे स्क्रीनवर निळं आकाश नि ढग दिसले तेव्हा त्यांनी वहिनींना उठवून दाखवले. वहिनी म्हणाल्या, "हेच गच्चीत दिसतं."

पुढे इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या तारेतून. मोडेम किंचाळून किंचाळून लागायचा आणि तो लागला की घरचा फोन एंगेज. एकदा काका अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्व्हरवरून साउंड कार्डाचा ड्रायव्हर उतरवून घेत बसले. दोन तास फोन लागेना म्हणून काकांचे सासरे काहीतरी अघटित घडलं असं समजून सदाशिव पेठेतून रिक्षा करून आले. उतरवण्याचं काम ब्याण्णव टक्क्यांवर होतं. सासऱ्यांनी काळजीपोटी आधी रिसीव्हर उचलून पाहिला. काका आजही सासऱ्यांचा उल्लेख "ते ब्याण्णव टक्के" असा करतात.

प्रवासवर्णन लिहायचीही त्यांना हौस. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा काका सहकुटुंब मडगावपर्यंत जाऊन आले आणि परतल्यावर चाळीस पानं टाइप केली. पण युनिकोड घरोघरी यायच्या आधीचा तो काळ. तेव्हाच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट असला तर मराठी, नसला तर नुसती किडामुंगी. काकांचा फाँट कुठल्यातरी फॉरमॅटमध्ये गेला. आज ती फाइल उघडली की पडद्यावर उलटेसुलटे स्वल्पविराम, डॉलर, टोपी घातलेले ए आणि मधेच एखादा पौंड. दुसऱ्या कुणी ती फाइल कधीच टाकून दिली असती. काकांनी कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर हे पाठ केलं. मी स्वतः ऐकलंय : समोर डॉलर आणि टोप्या, आणि हा माणूस चष्मा कपाळावर सरकवून खड्या आवाजात वाचतोय, "रत्नागिरी यायच्या आधी करबुडे बोगदा लागला." बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. वाचन त्याहून लांबलं.

आता मूळ मुद्दा. काका धडा घेत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्यांना ओळखलेलंच नाही. ते प्रत्येक अपघातातून धडा घेतात. फक्त तो दुसऱ्याच यंत्राला लावतात. रॅमचे पाय खोडरबराने घासले की संगणक पुन्हा सुरू होतो हे कळल्यावर त्यांनी गाडीचे फ्यूज घासले. गाडी थंडीत सुरू व्हायच्या आधी जरा वेळ द्यावा लागतो हे कळल्यावर ते डिसेंबरात संगणक लावून, आंघोळ करून, मग समोर बसू लागले.

नव्या गाड्यांना मागे बघायचा कॅमेरा असतो. काकांनी जुना वेबकॅम डिकीच्या काचेला चिकटवला, वायर पुढे आणली आणि डॅशबोर्डवर जुना टॅबलेट बसवला. चित्र झकास. पण गाडीच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटवलेलं असतं, म्हणजे डावं डावीकडेच दिसतं. वेबकॅमला ते कोण सांगणार? काका पडद्यात बघून गेटचा खांब टाळायला वळले आणि सरळ खांबाकडेच गेले. सेक्रेटरींनी सभा बोलावली. काकांनी सभेत चूक मान्य केली ती अशी : "हार्डवेअरचा दोष नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक टिक करायची राहिली होती." वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी मागे उभी राहिले असते ना."

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा फुकटचा आधार संपला. नव्या विंडोजला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती काकांच्या संगणकात नाही. त्या दिवशी त्यांचा संताप बघण्यासारखा होता. "गाडी पंधरा वर्षांची झाली, तर आरटीओ तपासून पाच वर्षं वाढवून देतं! सरकारी खातं असून! आणि हा दहा वर्षांचा संगणक, एक ओरखडा नाही, तर म्हणे भंगारात काढा!" मग त्यांनी त्यावर लिनक्स चढवलं. संगणक हरणासारखा पळू लागला आणि प्रिंटर बंद पडला. प्रिंटरची गोष्ट मी गाळतो, तीत प्रवास नाही. तसा आहे, सर्व्हिस सेंटरपर्यंतचा, पण वाटेत काही बिघडलं नाही म्हणून काकाच ती सांगत नाहीत.

पण त्यांच्या आयुष्याला खरं वळण लागलं ते दाभोळला. त्याच्या थोडं आधी त्यांची हार्ड डिस्क गेली होती. सगळे फोटो त्यांनी शहाण्यासारखे सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्क गेली तेव्हा दोघंही हातात हात घालून गेले. त्या दुःखात ते दापोलीहून गुहागरला निघाले. दाभोळच्या जेट्टीवरून फेरीबोट गाड्यांसकट वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला सोडते, नाहीतर चिपळूणचा वळसा. फोनमधली बाई "फेरीत बसा" म्हणाली तेव्हा शेवटची बोट खाडीच्या मधोमध होती. काका तिला हाक मारायला उतरले. सवयीने दाराची खुंटी दाबून दार लोटलं. किल्ली आत. जादा किल्लीही आत, त्याच पिशवीत, त्याच कडीला. जेट्टीवरच्या एका पोराने काचेच्या रबरातून स्टीलची पट्टी घालून मिनिटभरात दार उघडलं. काका मात्र खाडीकडे बघत उभे होते. मला त्यांनी तिथूनच फोन केला. "अरे, सी आणि डी!" एवढंच म्हणाले.

परतल्यावर त्यांनी बॅकअपचं शास्त्र वाचून काढलं. त्यात तीन-दोन-एक असा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. फोटोंना तो लगेच लागू झाला, म्हणून माझ्या कपाटात गोधड्यांच्या खाली त्यांची एक हार्ड डिस्क आहे. पाठोपाठ एक पाकीट आलं. आत मारुतीची किल्ली. "तीन किल्ल्या केल्या," काका म्हणाले. "एक खिशात. एक चुंबकाच्या डबीत घालून बंपरच्या आत चिकटवली, म्हणजे माध्यम वेगळं झालं. आणि ही ऑफसाइट."

परवा रात्री फोन वाजला. मागे समुद्राचा आवाज.

"गुहागरला आहे. खिशातली किल्ली वाळूत पडली, दोन तास शोधतोय. आणि बंपरखाली डबी नाही."

"तिथे चावीवाला नाही का?"

"चिपळूणला आहे की. पण मग बॅकअप कशाला ठेवलाय?"

मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांना त्रास देऊ नका हो, कुरिअर करू द्या." काकांनी ते ऐकलं नाही. त्यांच्या आवाजात काळजी औषधालाही नव्हती. उलट अकरावी फ्लॉपी वाचली गेली तेव्हा असेल तसा आनंद होता.

"बघितलंस? दोन प्रती गेल्या तरी तिसरी शाबूत. सिस्टीम चालली! आता रात्रीचा निघू नकोस, पहाटे निघ. कराडवरून कुंभार्ली घाटाने ये. आणि घाटात जरा सावकाश चालव, खड्ड्यांच्या आसपास बघत ये. काळी डबी आहे, काडेपेटीएवढी."