आधी खातं काढा, मग टॅब विका

सेकंडहँड टॅबमधून आपलं खातं न काढता तो विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि दुकानदाराने असा माल काउंटरवर ठेवणं ही त्याहून मोठी.

घेणारे बहुधा पोरांच्या अभ्यासासाठी काटकसर करणारे आईबाप. टॅब घरी आणून चालू केला की तो जुन्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड मागतो. आयपॅडवर तर ईमेलही पुरता दिसत नाही. एखादं अक्षर, पुढे ठिपके. दुकानदार सांगतो, ‘रीसेट मारा.’ शंभरदा मारा, उपयोग शून्य. 2013 मध्ये आयओएस 7 बरोबर आलेलं आयपॅडचं हे कुलूप टॅबमध्ये नसतंच, त्याची नोंद अॅपलच्या सर्व्हरवर असते. अँड्रॉइडमध्ये 5.1 पासून एफआरपी नावाचं असंच कुलूप आहे. सेटिंगमधून पिन टाकून रीतसर रीसेट केलं तर ते आड येत नाही. बटणं दाबून, रिकव्हरीतून पुसलं की येतं. म्हणजे अडकलेला टॅब पुसणाऱ्याकडे त्याचा पिन होता का, हे दुकानदाराला विचारायलाच हवं.

कुलूप हवंच. चोरीचा माल चोराच्या कामाचा राहू नये, यासाठीच ते आहे. म्हणून ‘बायपास करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पैसे जातात आणि आयपॅडवर पुढच्या रीसेटला कुलूप पुन्हा समोर येतं.

खरा मालक टॅब हातात नसतानाही आयक्लाउडवरून तो खात्यातून मिनिटभरात काढू शकतो. मालक सापडत नसेल तर अॅपल मूळ खरेदीची पावती मागतं. जुन्या बाजारातली कच्ची चिठ्ठी तिथे चालत नाही. पण मालकाचा पत्ता कंपनीकडे असतोच ना? घेणाऱ्याची विनंती तिने मालकाला पोचवावी, त्याने हो म्हणावं किंवा चोरीचा आहे म्हणून कळवावं. एवढं केलं तरी कितीतरी धडधाकट टॅब सुट्या भागांसाठी फोडले जाणार नाहीत.

सिमचा टॅब असेल तर आयएमईआय सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासता येतो. नुसत्या वायफायच्या टॅबला तो क्रमांकच नसतो. तिथे एकच उपाय: विकणाऱ्याला समोरच खातं काढून सेटिंगमधून रीसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट द्या, आपल्या खात्याने सेटअप पुरा करा आणि मगच पैसे मोजा. विकणारा कां कू करू लागला, तर टॅब तिथेच ठेवून निघा.