कोणतं शिरूर?

पार्सल शिरूरला पोहोचल्याचा मेसेज आला तेव्हा मी शिरूरमध्येच होतो, घराच्या ओट्यावर, पार्सलची वाट बघत. पार्सलही बहुधा माझी वाट बघत असावं, पण घोडनदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला. तिथून एका पोराचा फोन आला, "सर, बसस्टँडपासून कुठं यायचं?" मी म्हणालो, "लातूरच्या पुढं." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते हॉटेल आहे का?"

महाराष्ट्रात शिरूर उदंड पिकतात. पुण्याचं एक, बीडला शिरूर कासार, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून आमच्याच लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात, शिरूर ताजबंद. आमचं ते शिरूर अनंतपाळ. गावाच्या नावातच पाळणारा, तोही अनंत. त्यामुळं संरक्षण खातं आम्ही पहिल्यापासून देवाकडं देऊन मोकळे झालोत.

पार्सलात होता 'आपत्कालीन संच'. आमचे चिरंजीव हिंजवडीला काचेच्या इमारतीत नोकरी करतात. तिथं अधूनमधून भोंगा वाजतो, सगळे शिस्तीत जिना उतरतात, खाली चहा पितात आणि लिफ्टनं परत वर जातात. असाच एक भोंगा ऐकून त्याला एकदम घर आठवलं. रात्री फोन.

"पप्पा, घरात इमर्जन्सीची काय तयारी आहे?"

"सगळी आहे."

"पहिले 72 तास महत्त्वाचे असतात, पप्पा."

"ते मला नको शिकवू. 72 तासांत तक्रार पडली नाही की विमा बोंबलायचा."

तो भूकंपाचं बोलत होता, मी सोयाबीनचं. शेतात पाणी साचलं की 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, हा नियम 2024 पर्यंत आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचा. बाकी जगात संकट आलं की माणूस आधी जीव वाचवतो आणि मग कागद हुडकतो. आम्ही कागदापासून सुरुवात करतो.

त्यासाठी देवघराच्या वरच्या फळीवर एक निळी फाइल आहे. तिच्यात सातबारा, आठ-अ, आधारच्या सात झेरॉक्सा (एक पुसट, ती कुणी घेत नाही, तरी आहे), पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, ई-पीक पाहणीचा फोटो, आणि माझे पासपोर्ट साइजचे फोटो, भरघोस केस असतानाचे. सगळ्यात खाली आजोबांच्या वेळचा, निजामाच्या अमलातला एक उर्दू कागद. तो घरात कुणालाच वाचता येत नाही, म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा. जमिनीचा असेल, कर्जाचा असेल, एखाद्या बैलाची पावतीही असेल. पण फेकायची छाती कुणाची नाही. घराला आग लागली तर आधी काय उचलाल, असं कुणी विचारलं तर आमच्या घरात एकमत आहे: फाइल. माणसं आपापल्या पायानं येतील.

याला कारण आहे. आमच्याकडं किती पाऊस पडला हे आभाळ सांगत नाही, महसूल मंडळातलं पर्जन्यमापक सांगतं. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी. 64 वर दम घेतला तर तो नुसता पाऊस, मग तुमच्या पिठाच्या डब्यात बेडूक का पोहेना. त्यामुळं स्वयंपाकघरात गळायला लागलं की आमची मंडळी आधी भांडं लावत नाहीत. आधी विचारतात, "किती झाला म्हणं?"

चिरंजीवांनी व्हॉट्सॲपवर घराचा आपत्ती गट काढला आणि रीतसर समिती नेमली. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. घरातही तीच घडी बसली. आमची मंडळी कलेक्टर, मी सहअध्यक्ष. म्हणजे खुर्ची आहे, चहा आहे, विचारत कुणी नाही.

पहिल्या बैठकीचा पहिला विषय: बॅटरी कुठाय?

"जपून ठेवलीय," अध्यक्ष म्हणाल्या.

इथं थोडं थांबावं लागेल. आमच्या घरात वस्तूंच्या तीन अवस्था असतात. वापरातली, हरवलेली आणि जपून ठेवलेली. हरवलेली वस्तू कधी ना कधी, दुसरं काही हुडकताना सापडते. जपून ठेवलेलीची आशा नसते. ती ठेवताना माणसानं इतका पुढचा विचार केलेला असतो, की मागून तिथवर कुणालाच पोहोचता येत नाही. मग शोध सुरू झाला. संदूक उघडली: लग्नातले शेले, डांबरगोळ्या, एक बंद घड्याळ. कपाटावरची सूटकेस: तिच्यात लहान सूटकेस, तिच्यात पर्स, पर्समध्ये सूटकेसची चावी. शेवटी बॅटरी ज्वारीच्या कोठीत सापडली, कोपरभर खोल. "उंदरानं नेऊ नये म्हणून." सेल आतल्या आत फुटून पांढरा खार धरलेला, झाकण फिरता फिरेना. ते पक्कडीनं उघडायचं ठरलं. पक्कड जपून ठेवलेली होती.

औषधाच्या डब्यात कैलास जीवनची पिळून चपटी झालेली ट्यूब, मुदत संपलेलं खोकल्याचं औषध आणि एका पायाला पुरेल एवढी पट्टी निघाली. मेणबत्त्या दोनच, त्याही माझ्या साठीच्या केकवरच्या: एक 6 आणि एक 0. मागं एकदा लाईट गेली तेव्हा सहा पेटला नाही. आम्ही शून्याच्या उजेडात जेवलो.

उजेडावरून आठवलं. आमच्या तालुक्यात उजेड नावाचं गाव आहे. तिथं जानेवारीत महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते, गांधीबाबाची यात्रा. पाळणे, खेळणी, सगळं. लाईट तिथंही जाते. 'उजेडात लाईट नाही' हे वाक्य परगावच्या माणसाला कविता वाटतं. आमच्याकडं ते तक्रार नोंदवायचं वाक्य आहे.

मोबाईलवर मात्र सरकारनं आमची तयारी एकदा घेतली होती. 2023 च्या पावसाळ्यात दूरसंचार विभागानं चाचणी म्हणून देशभर मोबाईल कोकलवले. खिशात घूस शिरल्यासारखा आवाज. मी धोतरासकट उभा राहिलो. माय म्हणाली, "का म्हणायलंय ते?" वाचून सांगितलं की ही नुसती चाचणी आहे, तुम्ही काही करू नका. वरून आलेली सूचना घरातल्या प्रत्येकानं तंतोतंत पाळल्याचा तो एकच प्रसंग. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲपही चिरंजीवांनी मोबाईलमध्ये घालून दिलंय, पुण्याच्या हवामान संशोधकांनी बनवलेलं. चांगलं आहे. आभाळ गडगडायच्या आत उघडलं तर बघायला मिळतं. गडगडलं की रेंज जाते आणि बाया सोयाबीनच्या रानातून झाडाखाली पळतात, जिथं नेमकं जायचं नसतं.

माय समितीत नाही. तिला कुणी घेतलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. ती 1993 पासून अंगणात झोपते. ओसरीला लागून पत्र्याचं शेड, त्यात तिची बाज. बाजेखाली उजव्या हाताला तांब्या, काठी, चपला आणि प्लास्टिकच्या पिशवीत काड्याची पेटी. बाजेची जागा बदलली तरी हा क्रम बदलत नाही. पक्क्या घराला स्लॅब पडला तेव्हा मी म्हणालो, आता तरी आत ये. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "ह्याचं का वजन कमी हाय का?"

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा आडवे झाले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. तीव्रता 6.2. आमच्याकडं उतरंड कोसळली, कुत्री रडली, भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, निभावलं. तिकडं लातूर-उस्मानाबादच्या गावांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपापेक्षा त्यांना घरांनी मारलं. दोन हात जाड भिंत, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये मातीचा भराव, आणि दोन्ही अंगं धरून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी एकही नाही. वर माळवद, गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. ज्याची भिंत जाड आणि माळवद जड, तो गावात मातबर. पोरगी देताना लोक भिंतीची जाडी बघायचे. कुडाच्या झोपडीत झोपलेला गरीब बऱ्याच ठिकाणी उठून चालत बाहेर आला.

आणि कागद? कागदावर सगळं ठीक होतं. देशाच्या भूकंप नकाशात तो भाग तेव्हा झोन एकमध्ये होता. म्हणजे जिथं भूकंपाला यायची परवानगीच नाही. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले, लोक घाबरून बाहेर झोपले, पण नकाशा उघडला की झोन एक. जमीन हलली, नकाशा हलला नाही. तो हलला 2002 साली. झोन एक ही पायरीच रद्द झाली आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. नकाशाचा पंचनामा व्हायला नऊ वर्षं लागली. 72 तासांची अट त्याला नसावी.

52 गावं नव्या जागी वसवली. सिमेंटची घरं, सरळ रस्ते. तिथल्या कितीतरी जणांनी नव्या घरात धान्य ठेवलं आणि स्वतः बाजूला पत्रे ठोकून त्याखाली झोपले. शहाण्यांनी त्याला अडाणीपणा म्हटलं. मायला ते अजून पटलेलं नाही. 2022 ला निलंग्याकडच्या हासोरीत जमिनीतून आवाज यायला लागले तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ बोलत होते आणि माय चपला बाजेच्या आणखी जवळ सरकवत होती. 10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोलीकडं 4.5 चा धक्का बसला. नांदेडच्या आमच्या मेव्हण्यांनी आधी 'तुम्हाला जाणवलं का?' असं स्टेटस ठेवलं आणि पंचवीस जणांनी बघितल्यावर घराबाहेर पडले.

पाण्याचं मात्र आम्हाला कुणी शिकवू नये. 2016 च्या मार्चमध्ये लातूरला पाणी भरायच्या जागी जमावबंदी होती, 144 कलम. दंगल हंड्यांची. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. तेव्हापासून घरात रिकामं भांडं बघवत नाही. ड्रम, पिंप, कूलरची टाकी, कुकर, पोराचा जुना टिफिन. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आभाळ फाटलं, रानं वाहून गेली, दारात गुडघाभर पाणी. आणि आमच्या घरात अकरा ड्रम काठोकाठ भरलेले. पुरात तरंगू नयेत म्हणून.

पार्सल शेवटी दिवाळीत आलं. तीन शिरूर फिरून आलं होतं, खोक्यावर तीन शिक्के आणि एका ठिकाणी कुणीतरी पेनानं लिहिलेलं, 'हे नाही'. चिरंजीव सुट्टीला घरीच होते. आत एक चंदेरी चादर निघाली, जी मंडळींनी लगेच वाळवणाला बरी म्हणून बाजूला घेतली. हातानं दांडा फिरवला की लागणारी बॅटरी, जी लगेच जपून ठेवण्यात आली. दोरी, गोळ्या, आणि एक लाल शिट्टी.

"मॉक ड्रिल करू," चिरंजीव म्हणाले. भूकंप झालाय असं समजायचं, शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर यायचं. गल्लीत घरोघर सांगून ठेवलं. दुपारी चारला त्यानं ओट्यावर उभं राहून छाती फुटेस्तोवर शिट्टी मारली. कुणी आलं नाही. दुसरी मारली. शेजारच्या काकूंनी आत जाऊन गॅस बंद केला; डाळ शिजली म्हणून. तिसरीला एका पोरानं बॅट घेऊन विचारलं, "टॉस कोण जिंकलं?"

माय बाजेवर बसून बघत होती. तिनं चपला घातल्या, काठी घेतली, अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि ओरडली, "नळ आलेऽऽ!"

चिरंजीवांनी मोबाईलवर वेळ लावली होती. 38 सेकंद. बाळंतीण, दुपारचे झोपलेले, अंगाला साबण लावलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आमचे अण्णा, सगळी गल्ली उघड्यावर, प्रत्येकाच्या हातात हंडा नाहीतर बादली, आणि भिंतीजवळ एकही माणूस नाही. "आमच्या ऑफिसला नऊ मिनिटं लागतात," चिरंजीवांचा आवाज भरून आला.

पाणी आलेलं नाही, हा भूकंप होता, असं सांगितल्यावर लोक खवळले. काकूंनी घागर कमरेवरून न उतरवता विचारलं, "आता बाहेर आलोच हाव तर पंचनाम्याला नावं तरी लिहून घ्यायलाव का?"

मुद्दा बरोबर होता. मी तडक घरात पळालो, देवघराकडं, आणि मागून चिरंजीव ओरडत होते, "पप्पा, भूकंप आहे! आत नाही जायचं!"