रॅमभाऊ

त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही आठवत नाही. कुणाचाही कॉम्प्युटर कशानंही बिघडो, रॅमभाऊंचं निदान ठरलेलं: "रॅम कमी आहे." मागे एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तेव्हाही ते हेच म्हणाले.

शोरूममधून तयार कॉम्प्युटर आणणाऱ्याला ते तोंडावर काही बोलत नाहीत. नुसतं "बरं" म्हणतात. पण ते "बरं" ऐकून माणूस घरी जाऊन बिल पुन्हा तपासतो. रॅमभाऊंच्या मते कॉम्प्युटर घ्यायचा नसतो, जुळवायचा असतो. आणि त्यासाठी सिंहगड एक्स्प्रेसनं मुंबई गाठून, मग लोकलनं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांमध्ये उभं राहायचं असतं. मदरबोर्ड एका गाळ्यातून, कॅबिनेट दुसऱ्यातून, आणि एसएमपीएस घेताना मात्र डबा हातात धरून वजन बघायचं. हलका लागला की परत. "लोक प्रोसेसर विचारतात," ते म्हणतात, "वीज कोण देतो ते कुणी विचारत नाही."

आता इथे मला त्यांची बाजू घ्यावीच लागते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हे निम्म्या घरांत लोक संगणकाचा स्वभाव म्हणून सोडून देतात. रॅमभाऊ मात्र आल्याआल्या सॉकेट तपासतात आणि अर्थिंग नसल्याचं सांगतात. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटत होते; त्या काळात प्रत्येक मंद मशीनवर सगळे विंडोज पुन्हा टाकत सुटले होते, तेव्हा झाकण काढून बघणारे हेच. फुगलेले कपॅसिटर त्यांनी एका बरणीत जपून ठेवलेत. वहिनींना ती बरणी हवी आहे.

त्यांचा हातखंडा प्रयोग मात्र रॅमचाच. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप-बीप करतं. रॅमभाऊ येतात, स्क्रू ठेवायला वाटी मागतात, मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागतात. रॅमची पट्टी अलगद उपसून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतात, एका बाजूनं, मग दुसऱ्या. भुगा झटकतात. पट्टी खाचेत बसवून अंगठ्यांनी दाबतात, कडेच्या खिट्ट्या टक्कन लागतात. बटण. पडद्यावर अक्षरं. पावसाळ्यात दमट हवेनं त्या दातांवर मळ धरतो, तो निघाला की वीज नीट पोचते, एवढंच. पण घरातली मंडळी त्यांच्याकडे अशी बघतात की आता जेवूनच जा म्हणावं लागतं. ते थांबतात.

जेवताना विंडोजची वंशावळ निघते. सिद्धांत असा, की एक सोडून एक चांगली निपजते. 98 गुणी, 2000 साली आलेली एमई वाया गेलेली. 2001 ची एक्सपी म्हणजे लक्ष्मी, 2007 ची व्हिस्टा नुसती नटवी. 2009 ची सात नंबर संसारी, आणि 2012 ची आठ नंबर तर स्टार्टचं बटणच माहेरी विसरून आलेली. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार बंद झाला, त्या दिवशी त्यांनी गोड खाल्लं नाही असं वहिनी सांगतात. मला ते खरं वाटतं.

आमटी दुसऱ्यांदा वाढेपर्यंत ते हार्ड डिस्कवर येतात. "पाचशे जीबीची डिस्क घ्या, मशीन दाखवतं चारशे पासष्ट. पस्तीस गेले कुठे?" कुणाच्याच घशाखाली घास उतरत नाही. "कंपनी हजारानं मोजते, विंडोज एक हजार चोवीसनं. मापात पाप!" लॅपटॉप हा शब्द त्यांच्यासमोर शक्यतो काढू नये. बोर्डावरच सोल्डर केलेली रॅम म्हणजे त्यांच्या मते भाड्याची खोली, भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज दहाचा नेहमीचा आधार संपला आणि रॅमभाऊंना एका घरात बसायला फुरसत उरली नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी समजावलं, "आजी, तुमच्या मशीनवर अकरा चालणार नाही."

"मग साडेअकराला ये की. मला कुठे जायचंय!"

त्यांनी टीपीएम 2.0 नावाची चिप, आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नातू दिसेल ना?" त्यावर रॅमभाऊंनी तिथे लिनक्स टाकलं. टाकता टाकता हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टॉरवाल्ड्सनं, 1991 मध्ये हे छंद म्हणून सुरू केल्याची कथा झाली, सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर प्रवचन झालं. नातू दिसू लागला, स्वच्छ दिसू लागला. प्रिंटर तेवढा बंद पडला. स्वातंत्र्याची किंमत द्यावी लागते, असं म्हणून रॅमभाऊ आजींचं वीजबिल छापून आणायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्यांच्या स्वतःच्या प्रिंटाही तिथेच निघतात.

आणि त्यांचं स्वतःचं मशीन? बत्तीस जीबी रॅम, महागडं ग्राफिक कार्ड, खडखडणारा मेकॅनिकल कीबोर्ड. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं उघडं, समोर टेबलफॅन. दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. एवढ्या यंत्रावर ते काय करतात, हे मी एकदा शेजारी बसून पाहिलं. पत्र लिहीत नाहीत, हिशेब ठेवत नाहीत, गेम खेळत नाहीत, सिनेमा तर मोबाइलवर बघतात. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान असतं, ते बघतात. दोन अंश वाढलं की उठून खिडकी उघडतात.

तुमचं मशीन अडलं असेल तर त्यांना जरूर बोलवा. पैसे घेत नाहीत आणि दहातली नऊ मशीनं उठवतात. फक्त फोटो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, खोडरबर नवं आणून ठेवा आणि कुकरला दोन वाट्या तांदूळ जास्त लावा.