तयारीतले तात्या

त्रिपुरी पौर्णिमा सरली की देवबागात घरोघरच्या परड्यांत लाल माठाचं, मुळ्याचं बी पडतं. तात्यांच्या परड्यात सुतळी पडते. चारी कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना सुतळी, सुतळीला गाठी आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभे तात्या. मुंबईत एका गोदामात भांडारपाल म्हणून सगळी नोकरी काढून ते गावी आले. भांडारपालाला माल वाटण्यापेक्षा मोजण्यात जास्त सुख. असा एक माणूस कोकणातल्या प्रत्येक वाडीत असतोच. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे भाऊ.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे पुळणीची चिंचोळी पट्टी. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली त्याच्यावर तरंगून राहतं आणि विहिरीला मिळतं. उन्हाळा चढला की हा साठा आटत जातो. त्यात उपसा वाढला तर खालचं खारं वर येतं. तेव्हा भाजी करायची ती थंडीतच, पाणी गोडं आहे तोवर. ही घाई तात्यांइतकी निवांतपणे कुणीच समजावून सांगत नाही. त्यांचं सांगून होईतो मार्गशीर्ष निम्मा झालेला असतो.

सुरुवात मातीच्या नमुन्यापासून. ठिकठिकाणी 'व्ही' आकाराचे खड्डे काढायचे, माती गोणपाटावर एकत्र करायची, तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्या मातीचे पुन्हा चार. असं करत अर्धा किलो उरेपर्यंत.

"तात्यानू, सगळी पुळण ही. हेच्यात काय तपासतलास?" शेजारच्या काकींनी वंयीपलीकडून विचारलं.

"आधी जमीन वाचूक व्हयी!"

तात्यांची जमीन वाचून होण्याआधी काकींनी शेणखत आणि राख मिसळून दोन वाफे ओढले, बी टाकलं, वर पाणी शिंपडलं आणि त्या मासळी आणायला गेल्यासुद्धा.

मग सोडणांचा अध्याय. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून चर खणून त्यात नारळाची सोडणं पुरतात. ती ओल धरून ठेवतात. बाकीचे लोक टोपली उपडी करतात आणि वर माती लोटतात. तात्या एकेक सोडण हातात घेतात, झटकतात, पोकळ बाजू आभाळाकडे येईल असं बसवतात आणि वरून तळव्याने दाबतात. शास्त्र बरोबरच आहे. पण एखादं कलंडलं की अख्खी ओळ उपसली जाते. नाताळच्या सुट्टीत चर गुडघाभर खोल गेला, तेव्हा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने थांबून विचारलं, "काका, स्विमिंग पूल कधी सुरू होणार?" तात्या चिडले नाहीत. त्यांनी त्याला दगडावर बसवलं आणि सोडणाची उलटी-सुलटी बाजू समजावली. त्याची त्सुनामी बेटाची होडी सुटली.

बियाण्याचीही परीक्षा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' चवळी काकींनी गेल्या साली लावली होती. तिचंच धरलेलं बी तात्यांनी मागून आणलं. मोजून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. चौथ्या दिवशी ९२ उगवले. तात्यांनी टक्केवारी वहीत लिहिली आणि चष्मा पुसायला आत गेले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी माईंनी मोड आलेली चवळी उचलली आणि दुपारी उसळ केली. तात्यांच्या मळ्याचं त्या सालातलं पहिलं पीक ते. शेवटचंही तेच.

तरी वाडीत कुणी त्यांना हसून मोकळं होत नाही, कारण सगळ्यांचं अडतं तात्यांपाशीच. कुणाला चाळलेली राख हवी, कुणाला कुजलेलं शेणखत, कुणाला वालीच्या मांडवाला सरळ काठ्या, कुणाला वंयीसाठी चुडतं. आयत्या वेळी ज्याला जे सापडत नाही, ते तात्यांच्या पडवीत रचून ठेवलेलं असतं. तात्या नाही म्हणत नाहीत. फक्त वहीत 'नावे' लिहितात. अर्ध्या वाडीचे मळे उभे राहतात ते या उधारीवर. संक्रांतीच्या सुमारास तात्यांची तयारी गावभर हिरवी झालेली दिसते, त्यांचं स्वतःचं परडं सोडून.

मग परतफेड सुरू होते. कुणी माठाची जुडी ठेवून जातं, कुणी वालीच्या शेंगा. पौषात माईंना भाजी विकत घ्यावी लागत नाही, म्हणून त्याही तात्यांच्या शेतीला नावं ठेवत नाहीत. परवा काकींनी मुळे आणून दिले. तात्यांनी एकेक फिरवून पाहिला, नाकावर चष्मा चढवला आणि वही उघडून जमेच्या बाजूला लिहिलं: मुळे, नग ४. पैकी वाकडा १. शेऱ्याच्या रकान्यात कारण: सोडण उलटं बसवलं.