डोळे भरून आल्यास काय करावे

आवडते गाणे लागले की मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचे डोळे भरून येतात. येऊ द्यावेत. फक्त ते कोणाला दिसू नयेत. चष्मा काढून बनियनच्या कडेने पुसणे, उगीच खाकरणे, ‘घरात धूळ किती झालीय’ म्हणणे हे जुने उपाय आता कोणी मानत नाही. धुळीचे नाव काढले तर हातात झाडू येतो. खात्रीचा उपाय एकच : ताबडतोब माहिती सांगावी.

समजा, रविवारची सकाळ आहे. आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा केलाय आणि गीतरामायण चालू आहे. राम भरताची समजूत घालतो ते गाणे येते. एखाददुसऱ्या कडव्यापर्यंत आपण पोहे खात असतो, मग घास घशातच अडकतो. इथे वेळ दवडू नये. चमचा वर धरून, भिंतीकडे बघत म्हणावे, ‘१९५५ची रामनवमी. पुणे आकाशवाणी. छप्पन्न गाणी, दर आठवड्याला एक नवे! आणि तेव्हा सगळी बाबूजींनी नाही गायली हं. लताबाई होत्या, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते.’ एवढ्यात डोळे सुकतात. पोहे गार होतात, त्याला इलाज नाही.

राग मात्र सांगू नये. आपण एक राग सांगितला की आतल्या खोलीतून कोणीतरी दुसरा सांगतो आणि दुपारचे जेवण लांबते.

लग्नात सासरी निघालेल्या मुलीचे ते गाणे बँडवाले हमखास वाजवतात. वधूपित्याने खुशाल रडावे. पण वरपक्षाकडून, तेही लांबच्या नात्याने आलेल्या पाहुण्याला हुंदका फुटला तर लोक वळून बघतात. त्याने शेजाऱ्याला कोपर मारून विचारावे, ‘पी. सावळाराम म्हणजे कोण, ठाऊक आहे? निवृत्तीनाथ रावजी पाटील. ठाण्याचे नगराध्यक्ष होते!’ मध्ये नगरपालिका आली की भलाभला हुंदका जिरतो.

‘शुक्रतारा’ लागल्यास विशेष जपावे. त्या वेळी मनात एखादे नाव येते. तोंडाने मात्र ‘सुधा मल्होत्रा’ म्हणावे. बायकोने ‘कोण ही?’ असे विचारल्यास ‘अरुण दात्यांबरोबर गायल्यात त्या’ हे उत्तर तयार ठेवावे. खळे, पाडगावकर ही नावेही लागोपाठ घ्यावीत. गर्दीत एक नाव खपून जाते.

सर्वांत दगा देते ते ‘देवबाप्पा’तले मोराचे गाणे. नातीच्या गॅदरिंगमध्ये कागदी पिसारे लावलेली पोरे चुकीच्या बाजूला गिरक्या घेतात आणि आजोबांचा बांध फुटतो. घाबरू नये. ‘चाल पुलंची आहे’ एवढेच म्हणावे. पुढचा अर्धा तास आजूबाजूचे सगळे पुलंचे किस्से सांगत बसतात, आपल्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आता अडचण एकच उरते. कंठ दाटला की माहितीही बाहेर पडत नाही, आणि नेमके तेव्हाच मुलगा विचारतो, ‘बाबा, कोणाचे गाणे आहे हे?’ अशा वेळी बोलू नये, मोबाइल त्याच्या हातात द्यावा. त्याने पडद्यावरचे वाचून दाखवावे. त्यात गायकाचे नाव असते, कवीचा पत्ता नसतो आणि संगीतकाराच्या जागी भलताच कोणीतरी असतो. आपला आवाज लगेच परत येतो, चांगला खणखणीत.