कंपनी फिटिंग

रस्त्याकडेला एखादी जुनी मोटारसायकल उभी असते. साठीतला एक गृहस्थ हात पाठीशी बांधून तिला प्रदक्षिणा घालतो. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, इंजिनाखाली डोकावतो, कंबर धरून उठतो आणि गाडीचा मालक आला की नाव-गाव काही न विचारता एकदम मुद्द्यावर येतो, "टाकी ओरिजिनल का?" हा गृहस्थ पुण्यात रविवारी जुन्या बाजारात सापडतो, मुंबईत चोरबाजारात. कोल्हापुरात तो आमच्याच गल्लीत राहतो.

गल्ली त्यांना ओरिजिनल अण्णा म्हणते, तेही तोंडावर. पाटबंधारे खात्यात हयात गेली, पण निरोपसमारंभातल्या भाषणात ते धरणांवर कमी आणि जावावर जास्त बोलले. गाडी १९६४ची, जावा २५०, मरून रंगाची, वडिलांनी म्हणजे दादांनी घेतलेली. जगातल्या सगळ्या वस्तू अण्णांच्या लेखी दोनच जातींच्या: कंपनीच्या आणि बाजारातल्या. काकूंच्या मिक्सरचं भांडं फुटलं म्हणून त्यांनी दुसरं आणलं, तर अण्णांनी ते उलटं करून बुडाकडून पाहिलं, "बाजारातलं आहे" एवढंच म्हटलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. त्या दिवशी घरात चटणी वाटली गेली नाही. खुद्द अण्णांचे पुढचे दात बसवलेले, दोन्ही डोळ्यांत लेन्स, केसांना कलप. काकू म्हणतात, "यांच्यात आता कंपनीचं असं तोंडच तेवढं उरलंय."

रविवारी सकाळी गाडी बाहेर निघते. आधी पेट्रोलचा कॉक. मग कार्बोरेटरवरची बारीक पिन बोटानं दाबत राहायची, पेट्रोलचा थेंब दिसेपर्यंत. मग दोन रिकाम्या किका. मग किल्ली, आणि तीही हेडलाइटच्या माथ्यावर. तिसऱ्या किकेला गाडी बोलते. यात एक गंमत आहे आणि अण्णा तिची वर्षानुवर्षं वाट बघत आलेत: जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर वळवला की किक, परत खाली आणला की गिअर. नवख्या माणसाला गाडी चालवायला द्यायची आणि आपण कट्ट्यावर बसायचं. तो बिचारा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, वाकून बघतो. अण्णा मदत करत नाहीत. "गाडीला कुलूप लावत नाही तुम्ही?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुलूप कशाला? किल्लीचं काय, खिळ्यानंबी चालू हुती. पण किक कुठं हाय ते कुणाला घावतंय?"

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, त्यामुळे निघताना निळसर धूर सुटतो. समोरच्या वहिनी तोंडानं काही बोलत नाहीत, फक्त दोरीवरचे कपडे काढायला लागतात. अण्णांचं म्हणणं, धूर होता तसाच आहे. त्यातही त्यांना अभिमान.

गाडीचं काम काढलं त्या वर्षी रंगाचं प्रकरण झालं. मरून म्हणजे कुठला मरून? गाडी मधल्या काळात दोनदा रंगवलेली. दुकानदारानं मरूनच्या छटांचं कार्ड पुढे केलं. अण्णांनी ते मिटवून परत दिलं. घरी आले, बाजूच्या टूलबॉक्सचं झाकण काढलं आणि आतली बाजू रॉकेलच्या बोळ्यानं हळूहळू पुसत बसले. तिथं साठ वर्षांत ऊन पोचलं नव्हतं की रंगाऱ्याचा हात. काजळी निघाली, गंज निघाला आणि मधोमध बांगडीएवढा एक तुकडा दिसायला लागला, गर्द, थोडा तपकिरीकडे झुकणारा. अण्णांनी मला हाक मारली. उन्हात धरून दाखवला, सावलीत धरून दाखवला, परत उन्हात. "हा," म्हणाले. पुढचे काही आठवडे ते झाकण पिशवीत घालून शहरभर हिंडत होते. लग्नाच्या एका पंगतीत त्यांनी ते शेजारच्या बाईंच्या शालूला लावून पाहिलं. बाईंच्या यजमानांची समजूत काढायला मला उठावं लागलं.

रंग जुळला. मग रेघ. टाकीवरची सोनेरी रेघ ओढायला पतपेढ्यांच्या पाट्या रंगवणारा एक जुना पेंटर मिळाला. ब्रश लांब केसांचा, करंगळी टाकीवर टेकलेली, श्वास रोखलेला. अण्णांनी गल्लीतल्या पोरांना क्रिकेट थांबवायला लावलं होतं. रेघ एका दमात उतरली, सुतासारखी सरळ. पेंटर मान तिरकी करून आपल्याच कामाकडे कौतुकानं बघत होता. अण्णा म्हणाले, "लई सरळ झाली." पेंटरला वाटलं शाबासकी आहे. ती तक्रार होती. मद्रासच्या एनफिल्डमध्ये टाकीवरच्या रेघा हातानं ओढतात, हाताची रेघ म्हटली की कुठंतरी जराशी हलणारच, ही तर स्टिकर वाटते, अशी ती तक्रार. पेंटरनं शांतपणे ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि म्हणाला, "हलवून ओढायचे जादा पडतील."

आता मला यात एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. ओरिजिनल म्हणजे नेमकं कुठलं? आपल्याकडे जावा काढणारी म्हैसूरची कंपनी १९६०ची, दोघा इराणी पारशांनी काढलेली, म्हैसूरच्या महाराजांच्या पाठिंब्यानं. तिथं आधी चेकोस्लोव्हाकियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू एकेक भाग इथंच व्हायला लागला. म्हणजे मधल्या वर्षांतल्या गाडीत थोडं तिकडचं, थोडं इथलं. कार्बोरेटर चेक हवा की देशी, यावर अण्णा आणि सांगलीचे त्यांचे एक मित्र यांच्यात जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे. जुलैचा दुसरा रविवार हा जावावाल्यांचा सण. गावोगावचे लोक गाड्या घेऊन जमतात, किका मारतात, मिसळ खातात. अशाच एका रविवारी सांगलीकर अण्णांच्या गाडीशी वाकले, उठले आणि हळूच म्हणाले, "बाकी छान आहे." त्या 'बाकी'वर चार वर्षं बोलणं बंद होतं. मुलीच्या लग्नाची पत्रिका गेली तेव्हा सुटलं, आणि सांगलीकर आहेरात काय घेऊन आले? जिकोव्हचा कार्बोरेटर. चेक. फडक्यात गुंडाळलेला. अण्णांच्या डोळ्यांत मुलीच्या पाठवणीआधीच पाणी आलं.

म्हैसूरची कंपनी १९९६ला बंद पडली. त्यानंतर कधीतरी अण्णा काकूंना घेऊन सहलीला म्हैसूरला गेले होते. काकू ती हकिकत पाहुणे आले की सांगतात. "लोकं राजवाडा बघतात, वृंदावन गार्डन बघतात. मला यांनी यादवगिरीत नेऊन कुलूप दाखवलं." अण्णा दुरुस्ती करतात, "कुलूप नंतरचं. गेट ओरिजिनल."

त्यांच्या पुतण्याबद्दल आता सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय अण्णांना धार येत नाही. पुतण्याकडे जुनी बुलेट होती, उजव्या पायाला गिअर असलेली, कुण्या निवृत्त सुभेदारांकडून घेतलेली. पोरानं ती उद्यमनगरात नेली आणि महिन्याभरात बॉबर करून आणली. मागचं मडगार्ड अर्धं कापलेलं, सीट एकाच माणसाची, अंगभर मॅट काळा रंग, हँडल रुंद, आणि सायलेन्सरचा आवाज रंकाळ्यावर निघाली की राजारामपुरीत कळावं असा. कट्ट्यावर सगळे "नाद खुळा" म्हणाले. अण्णा घरातून आले, कापलेल्या मडगार्डाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुकडा कुठं हाय?"

तुकडा लेथवाल्याच्या भंगारात होता. अण्णांनी रिक्षा करून तो आणला. त्यांच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यांत नटबोल्ट आहेत, प्रत्येक डब्यावर सरकारी अक्षरात चिठ्ठी. त्यात एक चिठ्ठी वाढली: 'बुलेट, मागील मडगार्ड, उत्तरार्ध.'

पुतण्या काही वादात कच्चा नाही. त्याचं म्हणणं, आपल्याकडं कुठली गाडी कंपनीनं दिली तशी राहिली? राजदूतला दुधाचे कॅन लटकवायला हुक कुणी जोडले? सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं धड घेऊन मागं दोन चाकं आणि डिझेल इंजिन बसवतात, त्या छकड्यावर अख्खं गाव बाजाराला जातं, ते चालतं? आणि जावाचं तरी काय, ती काढणाऱ्या यानेचेकनं १९२९ला जर्मनांच्या वांडररचं डिझाइन विकत घेऊनच सुरुवात केली ना? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी पोटासाठी कापली. तू फोटोसाठी कापलीस," म्हणाले. कट्ट्याचा निकाल त्या दिवशी अण्णांच्या बाजूनं लागला. माझं मत विचाराल तर दोघांच्यात रस्त्यावर जास्त असते ती पुतण्याची. गोवा झालं, हंपी झालं. अण्णांची जावा पंचगंगेच्या घाटापर्यंत जाते आणि ढग दिसला की परत फिरते.

कायदा मात्र अण्णांच्या बाजूचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ. कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचा फोटो पेपरात आला की ते तो कापून पुतण्याच्या घराच्या दाराखालून सरकवतात. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले तेव्हा तर त्यांनी पेढे वाटले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली, सांगाडा-इंजिनात मोठी उलथापालथ न केलेली गाडी. नोंदणी वीस हजारांत, दहा वर्षांसाठी. सरकारनं अखेर 'मूळ' हा शब्द उच्चारला म्हणून पेढे. मग त्यांनी पुढचं कलम वाचलं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अर्धा किलो वांगी आणणं संशोधनात बसतं का बघा." अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे.

अण्णांना हरवणारं माणूस एकच, त्यांच्या आई. वय पंच्याऐंशी, कान शाबूत. गाडी नवी होऊन अंगणात उभी राहिली, नारळ फुटला, सगळ्यांनी वा वा केलं. आजी काठी टेकत आल्या, मागच्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "कॅरिअर कुठं हाय?"

अण्णा म्हणाले, "आई, त्यो कंपनीचा नव्हता. दादांनी मागनं करून घेतलेला."

"व्हय की. उद्यमनगरात करून आणला, माझ्यासमोर. दळणाचा डबा त्याच्यावर. तुझ्या अक्काची ट्रंक त्याच्यावरनं गेली नांदायला. तू तापानं फणफणलास तवा तुला पोत्यावर बसवून, मी मागनं धरून, सीपीआर दवाखान्यात नेला त्यो बी त्याच्यावरनंच. आणि म्हणं ओरिजिनल न्हाई!"

एवढ्यानं भागलं असतं, पण त्या पुढं म्हणाल्या, "ही गाडी माझ्या वळखीची न्हाई," आणि आत जाऊन बसल्या. संध्याकाळी जेवल्याही नाहीत. इतकी वर्षं अण्णा आपल्या वडिलांची गाडी सजवत होते, पण दादांनी स्वतःच्या हातानं त्या गाडीला लावलेली एकुलती एक वस्तू त्यांनीच माळ्यावर टाकली होती. हे मी अर्थातच त्यांना बोललो नाही. पुतण्या बोलला. वर म्हणाला, "अण्णा, दादाच आपल्या घरातले पहिले मॉडिफिकेशनवाले." अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बुलेट घेऊन पन्हाळ्यापर्यंत जाऊन आला.

चार दिवसांनी माळ्यावरून कॅरिअर खाली आला. जाड सळ्यांचा, एका बाजूला किंचित कललेला. पुतण्याला बोलावणं गेलं, कारण असली उठाठेव करण्यात हातखंडा त्याचा. अण्णांनी अटी घातल्या: वेल्डिंग नाही, सांगाड्याला भोक नाही, बोल्ट काढले की गाडी परत होती तशी. पुतण्यानं मापं घेतली. कॅरिअर बसला. आजी येऊन त्याच्यावर हात आपटून गेल्या आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मला वाटलं विषय मिटला. काल बघतो तर अण्णा अंगणात पाटावर बसलेले, कॅरिअर पुन्हा उतरवून मांडीवर घेतलेला, हातात रॉकेलचा बोळा. आजी म्हणतात दादांनी तो हिरवा रंगवला होता, अक्का फोनवर शपथेवर सांगते निळा. अण्णांना एका सळीच्या सांध्यात नखाएवढा पोपटी सापडलाय, पण तो दादांचा की मागून कुणी मारलेला, यावर त्यांनी आता सांगलीकरांना बोलावलंय.