सात अंशांवरचा बर्फ

डिसेंबर सरत आला की मराठी वर्तमानपत्रांत एक फोटो हटकून येतो. जीपचं टप, त्यावर पांढरी खर, त्या खरीत बोटाने कुणीतरी काढलेला बदाम, आणि खाली ओळ : महाबळेश्वरात दवबिंदू गोठले. बातमीत 'मिनी काश्मीर' असतंच. शेवटी कुठेतरी वेधशाळेने नोंदवलेलं किमान तापमान असतं : सात अंश, कधी आठ.

या शेवटच्या आकड्यावर आमच्या आतोबांचा डोळा असतो. आतोबा गणिताचे निवृत्त मास्तर. वह्या संपल्या, पण लाल पेन संपलं नाही. ते आता वर्तमानपत्रावर चालतं. "पाणी शून्याला गोठतं, हे सातवीतल्या पोराला ठाऊक आहे. सातावर गोठायला ते काय महाबळेश्वरचं म्हणून लाडावलंय?" त्यांचा सिद्धान्त असा की हॉटेलवाले पहाटे उठून गाड्यांवर फ्रीजरमधला बर्फ भुरभुरतात. आत्याने तो सिद्धान्त एका वाक्यात निकालात काढला. "आंघोळीचं गरम पाणी सातच्या आत सोडत नाहीत ते, बर्फ टाकायला कसले पहाटे उठतायत!"

खरं तर बातमीतल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत बसलेला असतो. ऊन नको, पाऊस नको, आकाशाचं दर्शन नको, नुसती हवा लागू दे, अशी त्याची बडदास्त. तो सांगतो ते हवेचं तापमान. जीपच्या टपाला ही चैन नाही. ते रात्रभर आकाशाकडे तोंड करून उघड्यावर पडलेलं. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडत असते. समोर भिंत, झाड किंवा डोंगर असला तर तोही आपली उष्णता इकडे पाठवतो आणि हिशेब जवळपास फिटतो. निरभ्र, कोरड्या रात्रीचं आकाश मात्र घेतं भरपूर आणि परत देतं थोडं. (आमच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. पुस्तकांच्या बाबतीत.) या एकतर्फी व्यवहारात पातळ पत्रा, गवताचं पातं, स्ट्रॉबेरीचं पान ही मंडळी हवेपेक्षा पाच-सात अंशांनी गार होतात. हवा पाचावर असली तरी पान शून्याखाली जाऊ शकतं, आणि पानावरचं दव पेटीतल्या तापमापकाला विचारून गोठत नाही.

हे मी आतोबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दाखव."

म्हणून जानेवारीत आम्ही महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या घरी मुक्काम टाकला. बाजारपेठेत नाही, हे मुद्दाम. गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून घरंगळत वेण्णा लेकच्या खोलगटात येऊन साचते. त्यामुळे वर बाजारात मफलर चालत असेल तर खाली कानटोपी लागते. रात्री आतोबांनी प्रयोग मांडला. स्टीलच्या दोन ताटल्या, दोन्हींत बोटाचं पेरही बुडणार नाही इतकं नळाचं पाणी. एक अंगणात उघड्यावर, थर्मोकोलच्या तुकड्यावर, म्हणजे जमिनीची ऊब वर येऊ नये. दुसरी व्हरांड्यात, छपराखाली. आत्या म्हणाली, "घरी प्यालेला कप उचलत नाहीत, इथे ताटं मांडतायत."

पहाटे सगळ्यांना हलवून उठवण्यात आलं. व्हरांड्यातला तापमापक चार अंश दाखवत होता. छपराखालचं पाणी जसंच्या तसं. अंगणातल्या ताटलीत काठाला कागदाच्या जाडीचा, आरपार दिसणारा बर्फ. आतोबांनी नखाने तुकडा उचलला, विजेरीपुढे धरला, जिभेवर ठेवला आणि निर्णय दिला, "फ्रीजरचा वास नाही."

मग आमच्या गाडीची तपासणी. ती अर्धी झाडाखाली होती. उघड्यावरच्या अर्ध्या टपावर खर, फांद्यांखालचा अर्धा भाग नुसता ओला. सीमारेषा तलाठ्याने मोजून आखल्यासारखी. जवळून पाहिलं तर खरीतही दोन जाती. काही ठिकाणी काचेच्या मण्यांसारखे गोठलेले थेंब, म्हणजे आधी दव पडलं आणि मग थिजलं. काही ठिकाणी मिठासारख्या पांढऱ्या बारीक सुया. तिथे वाफेने पाणी व्हायची तसदीच घेतली नव्हती, ती थेट बर्फ झाली होती.

विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने उघड्यावर दव जास्त का पडतं हे ओळखण्यासाठी रात्र-रात्र बागेत काढल्या. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके उघड्यावर आणि फळीखाली ठेवायचे, आणि सकाळी कुणी किती दव प्यालं ते तोलायचं. त्यातून १८१४ साली त्याचा दवावरचा निबंध निघाला. त्याच्या घरच्या मंडळींचं मत कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही, पण आत्याला ते पाठ असावं.

आपल्याकडे मात्र निबंधाची वाट न पाहता बर्फाचा धंदा सुरू झाला होता. रॉबर्ट बार्कर नावाच्या साहेबाने १७७५ साली अलाहाबादकडच्या बर्फाची कृती लिहून ठेवली आहे. उघड्या मैदानात दोनेक फूट खोल खड्डे, त्यात उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर, वर मातीच्या उथळ परळांच्या रांगा. संध्याकाळी उकळून निववलेलं पाणी भरायचं आणि सूर्योदयाआधी बर्फ गोळा करायचा. त्याच भागातल्या तळ्यांत, हौदांत आपण कधी बर्फ पाहिला नाही, असंही तो सांगतो. वारा सुटला की बर्फ नाही, कारण वारा हवेतली ऊब पाण्याला आणून देत राहतो. ढग आले तरी नाही, कारण ढग उष्णता परत धाडतात.

"मग वेण्णा लेक का गोठत नाही?" हा आतोबांचा शेवटचा मोर्चा. तळ्याचं वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली बसतं आणि खालचं ऊबदार पाणी वर येतं. चार अंशांना पाणी सर्वांत जड असतं. सगळं तळं तिथवर उतरेपर्यंत वरचा थर शून्याकडे सरकतच नाही. एका महाबळेश्वरी रात्रीत ते होणं नाही. त्यामुळे जेटीच्या फळ्या पांढऱ्या आणि खाली पाणी खुशाल हिंदकळतंय, असं दृश्य दिसतं. आतोबांनी मान्य केलं. लाल पेन खिशातच राहिलं.

नाशिककडे निफाडला हाच प्रकार द्राक्षांवर होतो. तिथे कुणी फोटो काढत बसत नाही. बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात आणि ढगांची वाट बघतात. एरवी ढग आले की तेच लोक कपाळाला हात लावतात.

तुम्ही जाणार असाल तर ढग नाहीत, वारा नाही अशी रात्र निवडा. गाडी झाडापासून लांब लावा आणि सूर्य उगवायच्या आत उठा. बदाम काढायचा तो आपल्याच गाडीवर काढा. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मात्र शिरू नका. ज्याचं पीक या खरीने जळतंय त्याच्या बांधावर उभं राहून मिनी काश्मीर म्हणणं बरं दिसत नाही.